घरच्या शाळेची खरी हजेरी

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

"आम्ही मूळचे नगरकडचे. मिस्टरांची मकरपुरा जीआयडीसीत शिफ्टची नोकरी. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ची. तीन वर्षं झाली, दोघांना घरीच शिकवते. अभ्यास, शास्त्रवाचन आणि प्रार्थना एका छपराखाली व्हावी, मुलांची मराठी टिकावी, हा हेतू होता. हल्ली मात्र मन खातं. शेजारच्या बेननी विचारलं तेव्हा मुलीसमोर 'आज शाळेला सुट्टी आहे' असं बोलून गेले. सासऱ्यांना फोनवर 'गणितात पुढे आहे' म्हणते, आणि मुलगा अपूर्णांकांच्या बेरजेत अडकलेला असतो. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, 'एका शाळेत आठवीला नाव घालून देतो, यायची गरज नाही, दाखला मिळेल.' पुढे एनआयओएसची, म्हणजे घरून अभ्यास करून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी द्यायची आहे. तिथले स्वाध्याय लिहून तयार मिळतात, सगळेच घेतात म्हणे. चर्चच्या मंडळीत आम्हाला आदर्श कुटुंब समजतात. पाळकांनी सगळ्यांसमोर आमच्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितली आहे, आणि दोन कुटुंबं फी देऊन आपली मुलं माझ्याकडे पाठवायला तयार आहेत. मी काय करू?"

ताई, ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

आधी त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणा. बाकीचं सावकाश होईल, पण हे याच आठवड्यात करा, कारण एकदा पटावर चढलेलं नाव उतरवणं फार जिकिरीचं असतं.

'नाव घालून देतो' म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. वर्गशिक्षक रोज तुमच्या मुलापुढे 'हजर' लिहिणार. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणीवर त्याचं नाव चढणार, त्यावरून त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक तयार होणार, त्याला आधार जोडलं जाणार. शाळा सरकारी किंवा अनुदानित असली तर त्याच्या नावावर मध्यान्ह भोजनाचं धान्यही निघणार. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम असं ते प्रमाण आहे. वर्षअखेरीला मुख्याध्यापक सही करणार की हा विद्यार्थी इथे शिकला. एवढ्या माणसांनी तुमच्या एका मुलासाठी खोटं लिहायचं. आणि तपासणी येणार असली की मुलाला गणवेश घालून बाकावर बसवतात. 'रोज येतोस ना?' असं साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, हे आदल्या रात्री घरी पढवावं लागतं. ते पढवायची वेळ तुमच्यावर येईल. ही दूरची शक्यता समजू नका. २०२४मध्ये सीबीएसईनं दिल्ली आणि राजस्थानातल्या शाळांवर अचानक जाऊन तपासणी केली आणि डमी प्रवेशांच्या कारणावरून २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. तिथे शिकत असलेल्या खऱ्या मुलांनाही त्याची झळ बसते.

शिवाय दाखला त्या शाळेच्या कपाटात राहतो. उद्या त्यांनी जास्त पैसे मागितले तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं निघालं, तर दुरुस्तीसाठी त्याच दारात उभं राहावं लागेल.

आणि मुळात हा दाखला लागतच नाही. एनआयओएसच्या दहावीला प्रवेश घेताना वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि आठवी पासचं प्रमाणपत्र किंवा 'माध्यमिक अभ्यासक्रम झेपेल एवढी माझी तयारी आहे' असं स्वयंघोषणापत्र चालतं. जन्मदाखला, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढ्या कागदांवर काम होतं. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक किंवा दोन भाषा. हवे तर आणखी दोन विषय, म्हणजे जास्तीत जास्त सात. दहावीला मराठी माध्यम मिळतं आणि मराठी हा विषयही आहे, म्हणजे तुमचा मूळ हेतूही साधतो. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि सगळे विषय एका बैठकीत द्यावेच लागतात असं नाही. आधी तीन, पुढच्या वेळी दोन, असं करता येतं. एवढी मोकळीक असताना घाईनं खोट्या वाटेला जायचं कारणच उरत नाही.

मात्र ते स्वयंघोषणापत्र नीट वाचा. त्यावर कुणी शिक्का मारत नाही, कुणी तोंडी परीक्षा घेत नाही. सही करण्याआधी ते खरं आहे की नाही हे तुम्हीच तपासायचं असतं. आमचा ठोकताळा असा: आठवीच्या गणिताच्या पुस्तकातले मुलानं कधी न सोडवलेले ३० प्रश्न निरनिराळ्या प्रकरणांतून काढा. दोन तास द्या, मधे काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. २० किंवा जास्त बरोबर आले तर खुशाल सही करा. १२ ते २०च्या मधे आले तर सहा महिने थांबा. त्याहून कमी आले तर सहावीपासून परत धरा. विज्ञानाचं एक प्रकरण आणि मराठीचा एक अनोळखी उतारा असंच करून पाहा. सहा महिने थांबल्यानं काही बिघडत नाही. खोटी सही करून पुढे ढकललेला मुलगा मात्र दहावीच्या बीजगणितात दर पानावर अडतो आणि दोष स्वतःला देतो.

अपूर्णांकांचं म्हणाल, तर १/२ + १/३ = २/५ असंच लिहितो ना? वरच्यात वरचा, खालच्यात खालचा मिळवतो, कारण अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्याच्या मनात बसलेलं नाही. त्याला दोन सुटे आकडे दिसतात. नियम पाठ करून हे जात नाही. १२ सेंटीमीटर लांबीच्या कागदाच्या पट्ट्या कापा. एकीचा अर्धा भाग रंगवा, ६ सेंटीमीटर. दुसरीचा एक तृतीयांश, ४ सेंटीमीटर. दोन्ही रंगीत तुकडे शेजारी ठेवले की १० होतात, म्हणजे १२ पैकी १०, म्हणजे ५/६. आता त्याचं २/५ मोजायला लावा: ४.८ सेंटीमीटर. अर्ध्यामध्ये भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्याला स्वतःच्या हातानं दिसू द्या. असं रोज २० मिनिटं, तीन आठवडे. मग १/४ आणि २/३, ३/४ आणि १/६ घ्या. १२च्या पट्टीवर तेही नेमके बसतात. 'गणितात पुढे आहे' असं फोनवर म्हणत राहिलात तर या पट्ट्या कापायचा दिवस लांबतो. खोट्या बढाईचा मोठा तोटा मुलालाच होतो, तो हा.

आता मुळाकडे येऊ. शाळेत शिकवणारा एक असतो, पेपर तपासणारा पुष्कळदा दुसरा, हजेरी आणि निकाल पाहणारा तिसरा. तुमच्या घरात हे सगळं एकाच व्यक्तीकडे आहे. चुकलं तर धरणारं कुणी नाही, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय ते मूल समोर बसून सगळं बघत असतं. म्हणून आम्ही म्हणतो, आधी घरातले कागद खरे करा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात थैलीत दोन वजनं ठेवू नका, एक जड आणि एक हलकं, अशी आज्ञा आहे. घरी शिकवताना ती दोन वजनं फार लवकर तयार होतात: पाहुण्यांना सांगायचा अभ्यास एक, झालेला अभ्यास दुसरा.

२०० पानी आखीव रजिस्टर आणा, प्रत्येक मुलाचं वेगळं. दिवसाला एक पान. नोंद त्याच संध्याकाळी, शाईनं. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती. खोडरबर किंवा पांढरी शाई नको. नोंद अशी दिसायला हवी:

"मंगळवार. गणित ९.३० ते १०.२०, अपूर्णांकांची वजाबाकी, २० पैकी ११ बरोबर, समच्छेद करताना चुकतो. मराठी वाचन ४० मिनिटं, पान १२ ते १९, पाच शब्द अडले. विज्ञान झालं नाही, पाहुणे आले. शास्त्रवाचन लूक १६."

यातलं 'विज्ञान झालं नाही' हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. ते लिहायची सवय लागली की महिन्याच्या शेवटी विज्ञान किती वेळा बुडलं हे दिसतं आणि वेळापत्रक कुठे फाटतंय ते कळतं. रजिस्टरं बिघडतात ती ठरावीक प्रकारे. आठवड्याचं एकदम शनिवारी आठवून लिहिलं जातं. तेव्हा झालेलं आणि ठरवलेलं यांची सरमिसळ होते. 'वाचन' एवढंच लिहिलं जातं, पान नाही, वेळ नाही. आणि बाजारात भाजी घेतली की 'व्यवहारी गणित' म्हणून तास धरला जातो. मुलीनं स्वतः हिशेब केला, चार ओळी लिहिल्या, सुटे पैसे मोजून घेतले, तर तो तास खरा. ती पिशवी धरून उभी होती, तर तो नाही.

किती दिवस, किती तास पुरेत? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळांसाठी आकडे आहेत: पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे मुलीला दिवसाला चार तास, मुलाला साडेचारच्या आसपास. ते शाळांवर बंधन आहे, पण स्वतःला मोजायला हीच मोजपट्टी घ्या. घरी दोनच मुलं असल्यानं तासाला काम जास्त होतं, हे खरं. म्हणून तास थोडे कमी भरले तरी चालेल, दिवस कमी भरू देऊ नका. मिस्टरांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी घर शांत ठेवावं लागतं, तेव्हा लेखन आणि वाचन सकाळी, मोठ्यानं म्हणायचं आणि प्रयोगाचं दुपारनंतर, असं आधीच बांधून ठेवा. नाहीतर दर तिसरा आठवडा वाहून जातो.

गुणांचंही तसंच. आई तपासते तेव्हा सहज तोंडून जातं, 'अगं, परत बघ बरं.' मूल लगेच बदलतं, आणि तुम्ही पूर्ण गुण देता. पहिलं उत्तर निळ्या शाईत, इशाऱ्यानंतरचं हिरव्या शाईत, असा नियम करा. गुण फक्त निळ्याचे. हिरवं वाया जात नाही, ते शिकण्याचं असतं, पण ते गुणांत येत नाही. पुस्तकाच्या मागची उत्तरांची पानं स्टेपल करून टाका. मोह समोर ठेवून मग पकडायचं, हे मुलावर अन्यायाचं आहे. आणि दर तीन महिन्यांनी एक पेपर बाहेरच्या माणसाकडून काढून आणि तपासून घ्या. मंडळीत निवृत्त शिक्षक असतातच. त्यांना रीतसर मानधन द्या आणि सांगा, सवलत नको. कमी गुण आले तर मुलावर आवाज चढवू नका. कलस्सैकरांस पत्रात बापांना मुलांना चिरडीस आणू नका म्हटलंय, ते आयांनाही लागू आहे. मूल गुणांना घाबरायला लागलं की उत्तरं लपवायला शिकतं.

लागोपाठ दोन तिमाही पेपरांत मूल गणितात किंवा वाचनात वयाच्या मानानं वर्षाहून मागे निघालं, किंवा वर्षाचे दिवस १५०च्याही खाली राहिले, तर शाळेचा विचार मोकळ्या मनानं करा. कायद्याच्या कलम ४प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि कलम १४प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे दार उघडं आहे. त्यातून जाणं म्हणजे विश्वासात कमी पडणं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुलाचं हित अडवून घरशिक्षणाची प्रतिष्ठा राखणं हे आम्हाला ख्रिस्ती वागणं वाटत नाही.

शेजारच्या बेनचं. मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा: 'परवा मी सुट्टी आहे म्हणाले, ते खरं नव्हतं. आम्ही मुलांना घरीच शिकवतो. विचारलंत तेव्हा मी गडबडले.' एवढंच. कारणांचं पुराण नको. मुलीसमोर बोललात तर मुलीसमोरच दुरुस्त व्हायला हवं. घरी येऊन तिला वेगळं समजावलंत तर ती एवढंच शिकेल की खरं आत सांगायचं असतं. पुढच्या वेळेसाठी उत्तर तयार ठेवा. कुणी 'कई स्कूलमां भणे छे?' म्हणून विचारलं की 'घरे ज भणावुं छुं' म्हणा. लिफ्टमधल्या प्रत्येकाला सगळी हकीकत देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. गप्प राहणं चालतं, विषय बदलणं चालतं. नसलेली शाळा उभी करणं चालत नाही. मत्तय ५:३७मधलं 'होय तर होय, नाही तर नाही' मुलांनाही याच वापरात शिकवा. 'कुणी विचारलं तर असं सांग' असं पढवण्यापेक्षा 'खरं सांग, अडलास तर आईला विचारा म्हण' एवढं पुरे.

विचारणाऱ्यांना शत्रू समजू नका. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या बडोदे संस्थानात लागू केलं, मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंडही होत असे. 'मूल शाळेत का नाही?' हा प्रश्न या गावात शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यामागे मुलांची काळजी आहे. मजुरीला जुंपलेलं, घरात कोंडलेलं मूल याच प्रश्नामुळे सापडतं.

आता कायदा, कारण इथे घरशिक्षण करणारे पालकच अर्धवट बोलतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. घरशिक्षणाचा त्या कायद्यात उल्लेख नाही. पालकाला शिक्षेचं कलमही त्यात नाही. गुजरातचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा १९६१चा स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा 'आमचं सगळं कायद्यानं मंजूर आहे' असं छातीठोक सांगू नका, आणि गुन्हेगारासारखे लपूनही राहू नका. एखाद्या वकिलाला एकदा तासभर भेटून दोन्ही कायदे समजून घ्या. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी सीआरसी को-ऑर्डिनेटर (आसपासच्या शाळांच्या गटाचे समन्वयक) किंवा शिक्षक दारात आले तर आत बोलवा, रजिस्टरं दाखवा, तिमाही पेपर दाखवा, १४ पूर्ण झाल्यावर एनआयओएसला बसवणार आहोत हे सांगा. त्यांच्या फॉर्मवर 'शाळेत जात नाही' अशी नोंद झाली तर होऊ द्या, ती खरी आहे. काही सूचना मिळाली तर लेखी मागा आणि उत्तरही लेखी द्या. प्रवेश घ्याच असा रीतसर आदेश आला, तर तो चुकवण्यासाठी पत्ता बदलणं, मुलाला नगरला पाठवणं असले मार्ग काढू नका. एनआयओएसचा मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रमही आहे, त्याचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात. मुलीसाठी त्याची चौकशी आत्ताच करून ठेवा.

तयार स्वाध्यायांबद्दल. शिक्षक तपासतात ते हे स्वाध्याय, टीएमए, लेखी गुणांच्या २० टक्के धरले जातात. विषयाला २० गुण: ४०–६० शब्दांचे दोन-दोन गुणांचे तीन प्रश्न, १००–१५० शब्दांचे चार-चार गुणांचे दोन, आणि साधारण ५०० शब्दांचा सहा गुणांचा एक प्रकल्प. एप्रिलच्या परीक्षेसाठी मुदत साधारण जानेवारीअखेर, ऑक्टोबरसाठी जुलैअखेर. विकत घेणारे बहुतेक जण आळसापायी घेत नाहीत. शेवटच्या आठवड्यात पाच विषयांचे मिळून ३० प्रश्न एकदम अंगावर येतात, म्हणून घेतात. ऑक्टोबरची परीक्षा असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. दोन आठवड्यांत एक विषय धरला तर पाच विषय जुलैच्या मध्यावर संपतात. पद्धत ही: धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, उत्तर तोंडी सांगायचं, मग कच्चं लिहायचं, मग पुस्तक उघडून तपासायचं, शेवटी सुवाच्य प्रत. तुम्ही 'दुसऱ्या ओळीत काहीतरी चुकलंय' म्हणू शकता; ती ओळ तुम्ही सांगायची नाही. प्रकल्पासाठी माहिती लागली तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्या, सयाजीबागेतल्या संग्रहालयात न्या, वहीत टिपणं त्याच्या हातची असू द्या. तयार प्रतींचं आणखी एक आहे: एकाच दुकानातून गेलेली एकसारखी उत्तरं तपासणाऱ्याच्या हातात गठ्ठ्यानं येतात, आणि ती ओळखायला फार हुशारी लागत नाही.

पुस्तकांच्या प्रतींचं तुम्ही लिहिलं नाही, पण घरशिक्षणात ते हमखास येतं. परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमांच्या पीडीएफ फिरत असतात. परवाना एका कुटुंबाचा असेल तर झेरॉक्स काढून वाटणं ही चोरी आहे, देवाच्या नावानं छापलेलं असलं तरी. एनसीईआरटी आणि बालभारती, दोघांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. मराठी टिकवायला बालभारती पुष्कळ पुरते.

ख्रिस्ती घर म्हणून आणखी एक सांगतो. शास्त्र शिकवताना दुसऱ्याच्या धर्माची टवाळी होऊ देऊ नका. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा तिथेही चालते. नवरात्रात गल्लीत गरबा असतो. त्याचा अर्थ मुलांनी त्याच बेनकडून ऐकावा, आपण तर्कानं सांगू नये. विज्ञानाचं एखादं पान विश्वासाशी जुळत नाही वाटलं तर ते गाळू नका. पुस्तक काय म्हणतं ते पूर्ण शिकवा, मग तुम्ही काय मानता ते तुमचं म्हणून सांगा. पान गाळलेलं मुलाला पुढे कळतंच, आणि मग तो तुमच्या बाकीच्या पानांवरही शंका घेतो.

सासऱ्यांना दर महिन्याच्या शेवटी रजिस्टरच्या दोन पानांचा फोटो पाठवा, एक चांगल्या दिवसाचं, एक बुडालेल्या दिवसाचं. बढाईला जागाच उरणार नाही, आणि आजोबा फोनवर पाढे घ्यायला लागले तर उलट मदतच होईल. पाळकांना सांगा, साक्ष देते, पण पहिला तिमाही पेपर बाहेरून तपासून आल्यावर. आणि त्यात मार्कही सांगेन.

त्या दोन कुटुंबांची फी घेऊ नका. मुलं रोज येऊ लागली, वर्ग भरू लागले, फी ठरली, की ती मान्यता नसलेली शाळा होते. कलम १८खाली त्याला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि पुढेही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. त्याहून मोठी गोष्ट, तुमचीच घडी अजून बसलेली नाही. त्यांना आधी महिनाभर तुमची रजिस्टरं वाचायला द्या, 'झालं नाही' लिहिलेल्या पानांसकट. तरीही यावंसं वाटलं तर आठवड्यातून दोन दुपारी, पालक बरोबर बसणार असतील तर. कागद, रंग, प्रयोगाचं सामान यांचा खर्च तीन घरांत सारखा वाटून, त्याचा हिशेब तिघांच्या वहीत. कुणालाही गुणपत्रक किंवा प्रमाणपत्र द्यायचं नाही. पुढेमागे मंडळीबाहेरची मुलं आली, तर शास्त्रपाठ त्या वेळेच्या बाहेर ठेवा आणि त्यांच्या आईवडिलांना आधी लेखी कळवा की त्या दुपारी काय शिकवलं जाईल आणि काय नाही. गुजरातेत धर्मस्वातंत्र्याचा २००३चा कायदा आहे, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तो जास्त कडक आहे. आणि कायदा नसता तरी, आपली मुलं काय ऐकतात हे जाणून घ्यायचा हक्क त्या आईवडिलांना तुमच्याइतकाच आहे.